पहिली शैली अंगात मुरण्याआधी दुसरी शिकावी का?

धागाकर्ता:
पारंपरिक चिनी युद्धकलांच्या दोन शैली एकाच वेळी शिकणे मला घातक वाटते. विंग चुनमध्ये गुडघे आत वळवून उभे राहायचे आणि कोपर छातीच्या मध्यरेषेकडे ओढून हात अतिशय संथपणे पुढे न्यायचा, तर हुंग गारमध्ये पाय रुंद टाकून मांड्या जवळजवळ आडव्या होईपर्यंत खाली बसायचे. मी दोन्ही एकाच वर्षी सुरू केल्या. परिणाम असा झाला की, ची साव करताना, म्हणजे जोडीदाराच्या हाताला हात चिकटवून दाब ओळखण्याच्या सरावात, जरा जोर आला की माझे कोपर बाहेर सुटे आणि त्याचा तळवा थेट छातीवर येई.

प्रतिसाद १:
असहमत. आपला अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला नियम खरा नाही. चिनी युद्धकलेचे गुरू सुन लुतांग (१८६०–१९३३) यांनी शिंगयी, बागुआ आणि ताईची या तिन्ही शैली आत्मसात केल्या, आणि त्यांच्या ताईचीत एक पाऊल पुढे पडताच दुसरे मागोमाग सरकते, ही चाल शिंगयीतूनच आलेली आहे. शांघायमध्ये १९१० साली स्थापन झालेल्या जिंगवू या युद्धकला संस्थेनेही निरनिराळ्या शैलींना एका छताखाली आणले. एकाच शैलीत कोंडून घेणे हीच परंपरा, असे म्हणता येणार नाही.

धागाकर्ता:
सुन यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. शिंगयी आणि बागुआ पक्क्या झाल्यानंतर, पन्नाशी उलटल्यावर ते हाओ वेइजेन या गुरूंकडे ताईची शिकले. जिंगवूतही सर्वांना आधी समान पायाभूत पाठ गिरवावे लागत आणि विशिष्ट शैली त्यानंतर येई. माझा विरोध दुसऱ्या शैलीला नाही, घाईला आहे.

प्रतिसाद २:
क्रमाचा मुद्दा मला मान्य आहे, मात्र मुरण्याची वाट किती वर्षे पाहायची? नानजिंगच्या केंद्रीय गुओशू (म्हणजे चिनी युद्धकला) संस्थेत १९२८ मध्ये शाओलिन आणि वुदांग या परंपरांचे दोन विभाग केले होते. त्यांच्यातील वैर इतके विकोपाला गेले की ती विभागणी लवकरच मोडावी लागली. ज्याने दुसऱ्याच्या शैलीत कधी पाऊलच टाकले नाही, त्याला तिची बलस्थाने दिसत नाहीत.

धागाकर्ता:
वर्षांचा आकडा मी सांगणार नाही. अनोळखी जोडीदाराने जोर लावल्यावरही कोपर जागेवर राहिले, तर खुशाल दुसऱ्या गुरूंकडे जावे.