जुन्या मियाटाची बॅटरी सारखी उतरते: आल्टरनेटर बदलू की बॅटरी?

एडिसनकर:
मंडळी, गाडी १९९४ ची मझदा मियाटा, १.८ लिटर. मुक्काम न्यू जर्सी, त्यामुळे हिवाळ्यात गाडी गॅरेजातच असते आणि एरवीही शनिवार-रविवारीच बाहेर निघते. आठवडाभर उभी राहिली की सेल्फ कण्हत कण्हत फिरतो. दोन आठवडे झाले की नुसतं टक्-टक्. रात्री वायपर आणि पंखा एकदम लावला की हेडलाइट मंदावतात.

मेकॅनिकने गाडी चालू करून बॅटरीवर मीटर धरला, १३.३ व्होल्ट आले, आणि ‘आल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) गेलाय’ म्हणून तो मोकळा. मजुरीसकट जो आकडा सांगितला तो ऐकून आधी इथे विचारावं म्हटलं. बॅटरी आधीच्या मालकाने घातलेली, किती जुनी ते माहीत नाही. घरी साधा मल्टिमीटर आहे. काय मोजू आणि कोणत्या क्रमाने?

रांगडा_कोल्हापुरी:
सोप्पं हाय. गाडी चालू ठेवा आणि बॅटरीचा एक टर्मिनल काढा. बंद पडली की डायनॅमो गेला. आमच्याकडे सगळे असंच बघतात.

नानापेठी:
एडिसनकर, कृपा करून हे करू नका. कार्बोरेटरच्या जमान्यात आणि खऱ्याखुऱ्या डायनॅमोवर हे खपून जायचं. तुमच्या गाडीत इंजिनाचा कॉम्प्युटर आहे. चालू आल्टरनेटरवरून बॅटरी एकदम काढली की क्षणभर व्होल्टेज भलतंच उसळतं, आणि त्यात रेग्युलेटर, डायोड किंवा कॉम्प्युटर जाऊ शकतो. शोधायला जायचं एक आणि बिघडवून यायची तीन.

आता कामाचं. तुमच्या मेकॅनिकने एकाच जागी मोजलं, पण मियाटात बॅटरी डिकीत असते आणि आल्टरनेटर पुढे. मध्ये अख्ख्या गाडीच्या लांबीची वायर, आणि परतीच्या वाटेला बॉडीचं अर्थिंग, तेही तीस वर्षं जुनं. बॅटरीवर १३.३ दिसले म्हणजे आल्टरनेटर १३.३ च देतोय असं नाही.

आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा आणि रात्रभर तशीच सोडा. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेल्या आकड्यांना काही अर्थ नसतो. सकाळी गाडी सुरू न करता मोजा. साधी बॅटरी १२.६ च्या पुढे हवी, एजीएम (पाणी न घालायची, सीलबंद प्रकारची) असेल तर १२.८ च्या आसपास. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. मग कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर मोजा, क्लॅम्पवर नको. उबदार हवेत ९.६ च्या खाली जाता कामा नये.

त्यानंतर इंजिन चालू, हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावा. रेस थोडी वर, दीडएक हजारावर धरा. आता चार मापं: बॅटरीच्या दोन खांबांमध्ये, आल्टरनेटरच्या मागचा जाड वायरचा नट (रबरी टोपीखाली असतो) आणि आल्टरनेटरचं अंग यांमध्ये, त्या नटापासून बॅटरीच्या प्लसपर्यंत, आणि आल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. शेवटच्या दोन मापांसाठी लांब वायर जोडून घ्यावी लागेल. तिथे ०.२ च्या आसपास किंवा कमी यायला हवं. त्या नटावर कायम करंट असतो. पाना लावायचा झाला तर आधी बॅटरी काढा. आणि वायर पट्ट्यात जाणार नाही हे बघा.

हो, मीटर एसी व्होल्टवर टाकून बॅटरीवर एकदा बघा. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेलं तर डायोड (आल्टरनेटरमधल्या एसीचं डीसी करणारा भाग) गेलाय असं धरून चाला. चांगल्या आल्टरनेटरवर ते खूपच कमी येतं.

सनीवेलचा_सदू:
पट्टा बघितलात का? मियाटात आल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर चालतात. सैल असेल तर चार्जिंगही पडतं आणि इंजिनही तापतं. क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचा) घेणार असाल तर डीसी मोजणारा घ्या, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी करंट दाखवतात.

एडिसनकर:
पट्टा ठीक आहे. बाकीचे आकडे असे:

रात्रभरानंतर १२.३ (बॅटरी एजीएम निघाली). सेल्फ मारताना ९.४. गाडी चालू, सगळं लावून: बॅटरीवर १३.३, आल्टरनेटरवर १४.२. प्लसच्या बाजूला फरक ०.१५, मायनसच्या बाजूला ०.७५! एसी ०.०४. दिवे-पंखा सगळं बंद करून बघितलं तर बॅटरीवर १३.९ येतात.

नानापेठी:
म्हणजे तुमचा आल्टरनेटर ठणठणीत आहे. पैसे खिशात ठेवा.

पाऊण व्होल्ट अर्थिंगमध्ये अडकतोय. लोड वाढला की फरक वाढतो, म्हणून वायपर-पंखा लावला की दिवे मंदावतात. आता टप्प्याटप्प्याने शोधा: बॅटरीचा मायनस खांब ते डिकीतला उघडा पत्रा, मग पत्रा ते इंजिन. जिथे मोठा आकडा, तिथे गंज. माझा संशय डिकीतल्या बोल्टवर. काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन. बॅटरीखालचा पत्राही बघा, जुन्या मियाटांत तिथे अॅसिडने गंज धरलेला सापडतो.

पण बॅटरीही दमलेलीच आहे. पूर्ण भरून १२.३ वर बसणारी एजीएम काही खरी नाही. शिवाय अर्थिंग खराब असताना सेल्फला पुरता करंटच मिळत नाही, म्हणजे बॅटरीवरचा ताण उलट कमी असतो. एवढ्या सवलतीतही ती ९.४ वर आली. बोल्ट साफ केल्यावर सेल्फ करंट जास्त ओढेल आणि हा आकडा आणखी खाली जाईल, तेव्हा घाबरू नका.

सनीवेलचा_सदू:
ऑटोझोनमध्ये (गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान) बॅटरी फुकट तपासून देतात. भरून न्या, नाहीतर ‘चार्ज करून परत या’ म्हणतील.

एडिसनकर:
नानापेठी, नेमका डिकीतलाच बोल्ट! खांब ते पत्रा एकट्यात ०.६ जात होते. साफ केल्यावर सगळं लावून बॅटरीवर १४.० येतात, दिवे मंदावत नाहीत. आणि सेल्फ मारताना ९.० झाले, तुम्ही म्हणालात तसेच. दुकानातल्या टेस्टरनेही बॅटरी बदला म्हणून सांगितलं.

गाडी बंद असताना कुठे करंट गळतोय का तेही बघायचं होतं. मीटर दहा अँपिअरवर टाकून मायनस वायरच्या मध्ये जोडला, डिकीचा दिवा काढून. पंचवीस मिलिअँपिअर. चालेल का?

नानापेठी:
चालेल. पन्नासच्या आत असलं की सहसा बघत नाहीत. मीटर तसा जोडलेला असताना चावी मात्र फिरवू नका, फ्यूज उडेल. पंचवीस म्हणजे दिवसाला ०.६ अँपिअर-अवर, दोन आठवड्यांत आठ-साडेआठ. या गाडीची छोटी बॅटरी तीस-बत्तीसची असते, नवी असती तर पाव भाग गेला असता आणि गाडी आरामात सुरू झाली असती. तुमच्या बॅटरीत आता तेवढा साठाच उरलेला नाही.

नवी घेताना एजीएमच घ्या, आणि गाडीतल्या दोन बारीक नळ्या बॅटरीला लागतील अशी. चार्ज होताना निघणारा वायू बंद डिकीत साठू नये म्हणून त्या असतात. स्वस्तात मिळाली म्हणून पाण्याची साधी बॅटरी तिथे कोंबू नका.

रांगडा_कोल्हापुरी:
मी आपलं बैल-ट्रॅक्टरवाल्या गावातलं सांगितलं व्हतं. पण हे मायनस बाजूचं मापन भारी हाय. आमच्या जीपला उद्याच करतो.

एडिसनकर:
धन्यवाद सगळ्यांना! एजीएम मागवली आहे. हिवाळ्यात मेंटेनर (उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावून ठेवेन म्हणतो. त्याची वायर डिकीच्या रबरातून चेपून बाहेर काढली तर चालेल का?

सनीवेलचा_सदू:
माझी तशीच आहे, पातळ चपटी वायर चालते. बॅटरीजवळ फ्यूज असलेलीच घ्या आणि मेंटेनर एजीएम मोडवर ठेवा. डिसल्फेशनचं (जुन्या बॅटरीच्या प्लेटांवरचा थर काढायचं) बटण असेल तर दाबू नका. काही मेंटेनर त्या मोडमध्ये पंधराच्या वर व्होल्ट चढवतात, ते एजीएमला सोसत नाही.

नानापेठी:
आणि डिकीतल्या बोल्टपाशी किती व्होल्ट जातात ते माप दिवाळीच्या आसपास, गाडी आत ठेवण्याआधी पुन्हा एकदा घ्या.