‘शक्यता नाकारता येत नाही’ म्हणजे शंभरात किती?

जिवाजीगंजकर:
रविवारी आमच्याकडे ग्वाल्हेरच्या जिवाजीगंजात सातजण चहाला होते. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली आणि वाक्य वाचून दाखवलं: ‘येत्या सहा महिन्यांत सीमेवर घुसखोरी होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ शंभरात किती वाटतं ते लिहा, म्हटलं. सगळ्यात लहान आकडा निघाला ५, सगळ्यात मोठा ७०.

अमेरिकेत १९५१ साली हेच घडलं होतं. युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असं गुप्तचर अंदाजात लिहिलं गेलं. गुप्तचर संस्था सीआयएतले शर्मन केंट यांनी तो अंदाज तयार करणाऱ्या स्वतःच्याच सहकाऱ्यांना आकडा विचारला, तर उत्तरं २० पासून ८० पर्यंत आली. लिहिणाऱ्यांच्याच मनात एक अर्थ नसेल, तर मंत्र्यांनी काय समजायचं?

म्हणून माझं म्हणणं असं की सरकारकडे जाणाऱ्या प्रत्येक सुरक्षा-अंदाजात आकडा आणि मुदत असलीच पाहिजे. मुदत संपली की अंदाज खरा ठरला का, हे त्या खात्याबाहेरच्या माणसाने तपासावं.

कारगिल ग्वाल्हेरकरांना परकं नाही. १९९९ च्या त्या युद्धात टायगर हिलवर बॉम्ब टाकणारी मिराज विमानं आपल्याच महाराजपूर हवाई तळाची. युद्धानंतर सरकारने नेमलेल्या के. सुब्रह्मण्यम समितीने दाखवून दिलं की सप्टेंबर १९९८ पर्यंतच्या सहामाही अंदाजात रॉने (परदेशांवर नजर ठेवणारी आपली गुप्तचर संस्था) ‘मर्यादित, वेगवान हल्ल्याचा’ धोका नोंदवला होता. मार्च १९९९ च्या अंदाजातून तो उल्लेख गेला. उलट पैशाच्या तंगीमुळे पाकिस्तान असलं धाडस करणार नाही, यावर भर आला. शब्द गळला तर कुणाच्या लक्षात येत नाही. तिथे ३० चे ५ झाले असते, तर मधल्या सहा महिन्यांत काय बदललं, हे कुणीतरी विचारलंच असतं.

निवृत्त सुभेदार:
नमस्कार. बावीस वर्षं लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेश पोचवण्याच्या कामात काढली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो, तुमचं पटत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रसदीत वाढ, सैन्याची जमवाजमव असे कारगिल भागातल्या मोठ्या हल्ल्याचे नेमके संकेत एकाही यंत्रणेने कळवले नव्हते, हेही त्याच समितीने लिहिलं आहे. घुसखोर दिसले ते मे १९९९ च्या सुरुवातीला, बटालिक भागातल्या मेंढपाळांना. मग दिल्लीत बसून ३० लिहिलं काय आणि ५ लिहिलं काय! ‘७२ टक्के’ असं वाचलं की माणसाला वाटतं, कुणीतरी मोजलंय. मोजलेलं काही नसतं, तोही कयासच असतो. पैसा आणि माणसं डोंगरावर लावा.

मृण्मयी_दौलतगंज:
७० ची चिठ्ठी माझी. बाबा सरकारी कचेरीत होते. मिरवणुकीच्या आधी पत्र यायचं, ‘अप्रिय घटना से इनकार नहीं किया जा सकता’, आणि दुसऱ्या दिवशी बाड्यावर, म्हणजे इथल्या मुख्य चौकात, बांबूचे अडसर उभे राहायचे. त्यामुळे ते वाक्य मला ‘होणारच’ असंच ऐकू येतं. ५ लिहिणारे काका म्हणाले, असल्या पत्रात हे वाक्य ठरलेलंच असतं, उद्या कुणी बोट दाखवू नये म्हणून. एकाच ओळीवर मी दार लावून घेईन आणि काका फिरायला जातील, याची मला खरंच काळजी वाटते. पण आकडा सक्तीचा केलात तर प्रत्येक अधिकारी ५० लिहून मोकळा होईल.

छत्रीबाजार:
माझा विरोध इराकमुळे. ऑक्टोबर २००२ च्या अमेरिकी अंदाजात इराकमध्ये संहारक शस्त्रांचे कार्यक्रम चालू असल्याची ठाम खात्री नोंदवली होती आणि ती साफ चुकली. अणुकार्यक्रमाबद्दल परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागाचं वेगळं मत त्याच कागदात होतं. तिथे ‘९०’ लिहिलं असतं तर ते मत आणखीच दबलं असतं. आधी मतभेद पहिल्या पानावर आणा, आकड्याचं नंतर बघू.

जिवाजीगंजकर:
मृण्मयीताई, तपासणी असेल तर ५० लपत नाही. कायम ५० लिहिणाऱ्याची गुणवत्ता नाणेफेकीएवढीच निघते. कॅनडात एका गुप्तचर विभागाचे १,५१४ अंदाज असे तपासले गेले, निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. ९४ टक्के अंदाज योग्य बाजूला पडले होते, म्हणजे ५० च्या वर लिहिलेलं घडलं आणि खाली लिहिलेलं घडलं नाही. दोष निघाला तो वेगळाच: त्या लोकांनी स्वतःवर हवा त्याहून कमी भरवसा ठेवला होता. शब्दांत लिहिलं असतं तर हे कधी कळलं असतं?

छत्रीबाजार, वेगळं मत पहिल्या पानावर, मान्य. त्याचाही आकडा द्या.

सुभेदारसाहेब, आड अगदी कोरडा नव्हता. २ जून १९९८ ला आयबीच्या (देशांतर्गत गुप्तचर विभागाच्या) संचालकांनी सीमेपलीकडच्या हालचालींची माहिती स्वतःच्या सहीने पंतप्रधान, गृहमंत्री वगैरेंना कळवली. पण रॉचे सचिव, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्ता महासंचालक या तिघांच्या नावे ते पत्र नव्हतं.

निवृत्त सुभेदार:
त्या पत्राचा मलाही आजपर्यंत राग आहे. पण कागद कुणाकडे जातो, हे आकड्याने सुटत नाही. तरीही आकडा लिहायचाच असेल तर त्याखाली ‘कशावरून’ हे लिहा. बातम्या किती, त्यात डोळ्यांनी पाहिलेल्या किती, ऐकीव किती, आणि कधीच्या. रेडिओवर संदेश घेताना आम्ही पाठवणाऱ्याची खूण आणि वेळ आधी टिपायचो, मजकूर नंतर.