मदत हवी आहे: सहावा महिना, समोर रिडेव्हलपमेंट. आत्ताच माहेरी जावं का?

चेंबूरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मला सहावा महिना चालू आहे. समोरची सोसायटी पाऊस थांबल्यावर पाडायला घेतली, आता पायाचं काम चालू आहे. सकाळी पुसलेली तुळशीची पानं संध्याकाळी पुन्हा करडी. महापालिकेच्या २०२३ च्या नियमांत उंच पत्रे, हिरवं कापड, पाणी मारणं सगळं आहे. इथे पत्रे लागलेत, पाणी क्वचितच मारतात.

थोरली साडेचार वर्षांची. थंडी सुरू झाली की तिची छाती भरते, रात्रभर खोकला, मग नेब्युलायझर. सासऱ्यांना दमा आहे, त्यामुळे हे हवेमुळेच असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्या बाळाच्या बाबतीत जे हातात आहे ते करायचंय.

पीएम २.५ चे, म्हणजे हवेतले अगदी बारीक, कण फुफ्फुसांतून रक्तात उतरू शकतात. बेल्जियममधल्या संशोधकांना २०१९ मध्ये वारेच्या (प्लासेंटाच्या) बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण सापडले. गरोदरपणी जास्त प्रदूषणात राहिलेल्या बायकांच्या बाळांचं वजन कमी भरणं, लवकर प्रसूती आणि पुढे मुलांना घरघर, दमा यांचं प्रमाण जास्त आढळतं, असं अनेक अभ्यास सांगतात. प्रत्येक बाळाला होतंच असं नाही, हे कळतं. तरी काळजी जात नाही.

मला सगळ्यात गोंधळात टाकतात ते आकडे. हवा कशी आहे ते दाखवणाऱ्या सरकारी समीर अ‍ॅपवर 'समाधानकारक' दिसलं की मी खिडक्या उघडायचे. मग कळलं की आपलं पीएम २.५ चं २४ तासांचं मानक एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून १५. गरोदर बाईने कोणता आकडा धरायचा? शिवाय मोजणीचं केंद्र लांब, धूळ समोर.

आई म्हणते, आत्ताच चिपळूणला ये. हवा तिथली नक्कीच बरी. पण आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं, पुढे भाजावळीचा (पेरणीआधी शेत भाजतात त्याचा) धूर, आणि बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी देणारच. लाकडाच्या धुरातही तेच बारीक कण असतात, हे तिला न दुखावता कसं सांगू? माझं पहिलं बाळंतपण सिझर झालंय, नाव इथल्याच हॉस्पिटलात घातलंय, आणि थोरलीची शाळा.

घरात मच्छर कॉइल आणि धूप बंद केलेत, सासूबाईंनी लगेच ऐकलं. बेडरूमपुरता हेपा फिल्टरचा (बारीक कण अडवणारा) प्युरिफायर घ्यायचा विचार आहे. कोणी वापरलाय का? खिडक्या दिवसभर बंद ठेवता का, मग स्वयंपाकाच्या धुराचं काय? एन-९५ मास्क घालून जिना चढताना मला धाप लागते, दुसऱ्या कोणाला असं झालं का?

ज्यांनी असेच दिवस मुंबईत काढलेत त्यांनी कृपया लिहा. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, डॉक्टरांना नेमकं काय विचारू तेही सुचवा.