मराठीतून लिहा, पण प्रश्न इंग्रजीतूनच वाचा

निपाणीच्या ताईंनी विचारलंय, यूपीएससीला राज्यशास्त्र हा वैकल्पिक विषय मराठीतून लिहावा का. वर एका दादांनी 'पुस्तकं नाहीत, नाद सोडा' म्हटलंय, ते मला पटत नाही. मी बेळगावजवळच्या खानापूरचा, मराठीतूनच लिहितो. अडचण वेगळीच आहे: प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजी आणि हिंदीत येते. त्यामुळे मी जुने प्रश्न इंग्रजीतच वाचतो आणि उत्तराचा कच्चा आराखडा लगेच मराठीत मांडतो. 'सार्वभौमत्व', 'अधिमान्यता' (legitimacy) असे शब्द हाताला बसायला मला चार महिने लागले.

ताई, पेपर दोन, प्रत्येकी 250 गुणांचे. पहिल्यातल्या संघराज्याच्या भागात आपण सीमाभागातली मुलं मनापासून लिहू शकतो, पण इथेच पाय घसरतो. घरात ऐकलेलं उत्तरात उतरवू नका. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेला फाजल अली आयोग, 1956 चा राज्य पुनर्रचना कायदा, सीमावादावरचा 1967 चा महाजन अहवाल, महाराष्ट्राने 2004 मध्ये कलम 131 खाली सर्वोच्च न्यायालयात केलेला दावा, हे क्रमाने लिहा. राज्यांच्या सीमा बदलण्याचं कलम 3 नीट समजून घ्या: राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, ते संसदेवर बंधनकारक नसतं. 350 क (मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण) आणि 350 ख (विशेष अधिकारी) ही भाषिक अल्पसंख्याकांची कलमं तर आपल्या शाळांशी थेट जोडलेली आहेत, ती सोडूच नका. कर्नाटकाची बाजूही तेवढ्याच नीटपणे मांडा.

विचारवंतांत प्लेटोपेक्षा आधी आंबेडकर घ्या, मराठीत लिहिणं लवकर जमतं. उत्तरं तपासायला कुणी नसेल तर इथे टाका, मी वाचेन.