मदत हवी आहे: कात्सुनुमाच्या द्राक्षबागा, आई-वडिलांसोबत

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या मध्यात आई-वडील तोक्योला येताहेत. वडील निफाडचे द्राक्ष बागायतदार, त्यामुळे ऑक्टोबर छाटणीच्या आत त्यांना घरी पोचायचंच आहे. "एवढ्या पावसात हे लोक डावणी या बुरशीजन्य रोगाला तोंड देऊन द्राक्षं पिकवतात कशी, तेवढं दाखव," हे एकच मागणं. म्हणून यामानाशी प्रांतातलं कात्सुनुमा ठरवलं.

चुओ रेल्वेमार्गावर कात्सुनुमा-बुदोक्यो स्टेशनला उतरायचं. स्टेशन १९१३चं. चढणीमुळे १९६८पर्यंत तिथे गाडी पुढे-मागे करत फलाटाला लावावी लागे. तो जुना फलाट आणि त्यालगतची चेरीची झाडं अजून आहेत. समोर बुदो-नो-ओका टेकडी, तिच्या तळघरात वाइन चाखता येते. पण आमचे दोघंही माळकरी, वाइनचा प्रश्नच नाही.

सप्टेंबरमध्ये वेलीवर घड असतील का? परक्या माणसाला मांडवाखाली जाऊ देतात का? आईचे गुडघे दुखतात, तिला स्टेशनजवळच्या जुन्या ओहिकागे रेल्वे-बोगद्यातून (आता पायवाट) चालणं जमेल? आणि जेवणाचं काय?

प्रतिसाद

अगदी योग्य वेळ निवडलीत. शाइन मस्कट जातीची हिरवी द्राक्षं भरात असतात, गुलाबी सालीच्या कोशू द्राक्षांची तोडणीही त्याच सुमारास सुरू होते. रस्त्यालगतच्या पर्यटन-बागांत मांडवाखाली नेतात, आपल्या हातानं घड तोडायचा. वडिलांना घडांवरच्या कागदी टोप्या जरूर दाखवा. पावसाचं पाणी मण्यांवर पडू नये म्हणून त्या घालतात. कोशूचा एकेक वेल केवढा मांडव व्यापतो, तेही ते बघत राहतील.

बोगदा १९०३चा, सुमारे १.४ किमी. पाणी झिरपल्यामुळे २०१६पासून बंद होता, २०२४ला पुन्हा उघडला. स्टेशनकडून जाताना बारीक चढ लागतो, तेव्हा आईंना तोंडाशीच थोडं आत नेऊन परत आणा. टेकडीलाही टॅक्सीच करा. दाइझेन्-जी मंदिर मात्र चुकवू नका. मुख्य मंदिर १२८६चं आहे, आणि तिथला बुद्ध हाती द्राक्षाचा घड घेतलेला मानतात. आईंना फार आवडेल.

जेवण घरूनच न्या. इथल्या होउतो नावाच्या जाड शेवयांच्या रश्श्यात बहुधा सुक्या मासळीचं पाणी असतं, नुसत्या भाज्या दिसल्या म्हणून फसू नका. दशम्या, चटणी उत्तम.

आणि सगळ्या काइजी (चुओ मार्गावरच्या जलद गाड्या) कात्सुनुमाला थांबत नाहीत, परतीची गाडी आधीच बघून ठेवा.