'पातळ' म्हणजे विरल का?

दगडफूल: लिथियम-आयन बॅटरीवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. इथिलीन कार्बोनेट लिथियमचा क्षार छान विरघळवतं, पण ते वितळतं 36 अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि वितळलं तरी चिकट. म्हणून त्यात डायमिथिल कार्बोनेट मिसळतात. मी लिहिलं, "द्रावक पातळ झाल्यामुळे आयन भराभर सरकतात." संपादक म्हणतात, पातळ म्हणजे विरल, मग आयन कमी नाही का होणार? पण क्षार तर लिटरला 1 मोल, पहिल्याइतकाच ठेवलाय. काय लिहू?

खडीसाखर: 'श्यानता कमी झाली', म्हणजे द्रवाचा वाहताना होणारा अडसर कमी झाला. परिभाषेत शब्द असताना शोधाशोध कशाला?

दगडफूल: बहिणीला वाचायला दिलं, ती 'श्यानता'पाशीच अडली.

आंबेहळद: 'सरसरीत' लिहा, ताई. धिरड्याचं पीठ सरसरीत, आमटी पळीवाढी. पदार्थ वाहतो कसा, तेवढंच हे शब्द सांगतात.

खडीसाखर: पीठ सरसरीत करायला पाणीच घालता ना? झालंच की विरल.

आंबेहळद: आणि थिजलेलं तूप? शेगडीजवळ ठेवलं की पातळ होतं, त्यात कोण पाणी घालतं? संपादकांना हेच सांगा. 'पातळ'चा दोष नाही.

मुरमाड: रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं. नुसतं पातळ करून भागत नाही. इथिलीन कार्बोनेटचा परावैद्युत स्थिरांक (विरुद्ध भारांमधली ओढ द्रावक किती कमी करतो, त्याचं माप) 90च्या घरात, डायमिथिलचा जेमतेम 3. दुसरं फार झालं तर लिथियम आणि त्याचा ऋण आयन पुन्हा जोडीनं राहू लागतात, आणि जोडीवर निव्वळ भार नसल्यानं ती वीज वाहत नाही. शिवाय लिथियम एकटा धावत नाही, द्रावकाच्या साधारण चार रेणूंचा गराडा घेऊन सरकतो. तेव्हा 'भराभर'चाही विचार करा.

खडीसाखर: गराडा? 'विद्रावकवेष्टन' म्हणा.

मुरमाड: वर्गात गराडाच समजतो. मला खटकतं ते बॅटरीतल्या या द्रावणाचं, म्हणजे इलेक्ट्रोलाइटचं, परिभाषेतलं नाव 'विद्युत अपघटनी'. बॅटरीत त्याचं अपघटन, म्हणजे विघटन, व्हायला नको असतं.

आंबेहळद: पण पहिल्या चार्जिंगला थोडं होतंच की! ग्राफाइटवर त्याचाच थर बसतो आणि पुढचं अपघटन रोखतो.

निवडुंग: 'पातळ' आलाय 'पत्र'वरून. पानासारखं ते पातळ. वाहतं हा अर्थ मागाहून चिकटला. म्हणूनच तलम साडीला पातळ म्हणतात. माझी आजी नऊवारीला लुगडं म्हणायची, पाचवारीला पातळ.

दगडफूल: मग वाक्यात 'पातळ' ठेवू ना? उद्या लेख द्यायचाय.

आंबेहळद: आमच्या घरी नऊवारीलाही पातळच म्हणत, निवडुंग. लुगडं म्हणजे रोजचं, जाडंभरडं.