मदत हवी आहे: सदस्यांना त्यांचीच आकडेवारी ईमेलने कळवावी का?

नमस्कार. लिंक्डइनने २०१३ च्या सुरुवातीला, सदस्यसंख्या २० कोटींवर गेल्यावर, अनेकांना ‘तुमचे प्रोफाइल सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या पाच टक्क्यांत आहे’ अशा आशयाचे ईमेल पाठवले आणि कित्येकांनी ते आपणहून इतरांना दाखवले. मात्र लिंक्डइनवर येण्याच्या निमंत्रणानंतर सदस्यांच्या नावाने त्यांच्या परिचितांना गेलेल्या स्मरणपत्रांवरून अमेरिकेत याच कंपनीवर खटला झाला आणि २०१५ मध्ये १.३ कोटी डॉलरची तडजोड झाली. पहिल्या निमंत्रणाला दिलेली संमती पुढच्या स्मरणपत्रांना लागू होते का, हा त्यातला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

आमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी मंडळाचे ईमेल मी पाठवतो. विषयाच्या ओळीत नाव घालून आणि पाठवण्याची वेळ बदलून पाहिली, तरी ईमेल उघडणाऱ्यांचे प्रमाण फारसे वाढले नाही. यादी संमतीनेच तयार केलेली आहे, प्रत्येक ईमेलमध्ये नाव काढून टाकण्याची सोय आहे आणि महागडी प्रणाली घेणे मंडळाला परवडणार नाही. आता ‘तुमची माहिती इतक्या सदस्यांनी पाहिली’ असे प्रत्येकाला कळवण्याचा विचार आहे. ज्यांचा आकडा शून्य किंवा अगदी कमी आहे, त्यांना ते न दुखावता काय कळवावे, की त्यांना या ईमेलमधून वगळणेच योग्य ठरेल?